कोंबड्यांचं प्रगतिपुस्तक

आमच्या सरांनी जन्मात अंडं खाल्लं नाही, कोंबडीला बोट लावलं नाही, आणि तरी घरी कोणत्या जातीची कोंबडी पाळावी हे विचारायला काळाचौकीपासून वरळीपर्यंतची माणसं त्यांच्याकडे जायची. मीही गेलो. आता सांगायला लाज वाटते, पण गेलो.

सर गिरगावात एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचे. एकटेच. परळच्या शाळेत पस्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. शिकवायचे म्हणजे काय, तर फळ्यावर बेडूक काढायचे आणि त्याची आतडी कोणत्या रंगाच्या खडूने दाखवायची ह्यावर अर्धा तास घालवायचे. नववीत माझ्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी लाल शाईने शेरा मारला होता, ‘समज कमी, उत्तर देण्याची घाई जास्त.’ वडिलांनी तो शेरा शेजारच्या तीन बिऱ्हाडांना वाचून दाखवला. मी आज एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रोज साठ माणसांचं रक्त काढतो. हे सरांना पहिल्याच भेटीत सांगितलं तर म्हणाले, ‘त्या साठांना कोणी विचारलंय का?’ असा हा माणूस.

लॉकडाऊनमध्ये लोकांना काय काय सुचलं ते आपण पाहिलंच. आधी गच्चीवर टोमॅटो, मग मशरूम, मग कोंबड्या. कोणा जुन्या विद्यार्थ्याने सरांना फोन करून सहज विचारलं की टेरेसवर कोंबडी चालेल का. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, मला काय माहीत. सरांनी तीन महिने वाचन केलं. मोबाइलवर, पुस्तकांत, कुठल्या कुठल्या सरकारी पत्रकांत. आणि मग दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा गॅलरीत बाकडं टाकून त्यांनी चक्क वर्ग सुरू केला. चपला बाहेर, मोबाइल बंद, आल्याच्या क्रमाने बसायचं. हजेरी घ्यायचे हो! पन्नाशीचे बाप्ये ‘हजर सर’ म्हणायचे.

फी नव्हती, हे खरं. फॉर्म होता. चार पानी. तुमच्या जागेत ऊन किती तास येतं. सांडपाणी कोणत्या दिशेला जातं. शेजारी शाकाहारी आहेत का, असल्यास भांडखोर आहेत का. याआधी काही पाळलं आहे का, मुलं धरू नयेत. हे सगळं स्वच्छ अक्षरात भरायचं, नाहीतर फॉर्म परत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ‘प्रश्न आधी, पक्षी नंतर.’ ते त्यांनी पुठ्ठ्यावर लिहून बाकड्यामागे खिळ्याला अडकवलं होतं. दोन तासांत पंधरा वेळा त्याच्याकडे बोट दाखवायचे.

आणि त्यांचा तो सुप्रसिद्ध तक्ता. सरांनी कोंबडीच्या प्रत्येक जातीचं प्रगतिपुस्तक बनवलं होतं, शंभरपैकी गुण देऊन. अंडी तीस, शांतता पंचवीस, शिस्त वीस, प्रकृती पंधरा, टापटीप दहा. खाली शेरा. पांढरी लेगहॉर्न पहिली, सत्त्याऐंशी गुण, ‘मेहनती. उगाच बसून राहत नाही.’ ऱ्होड आयलंड रेड दुसरी, ‘सुस्वभावी, पण खादाड.’ गिरिराज, ‘अंगाने वाढली.’ कडकनाथ, ‘रूपावर जाऊ नये.’ असील, ‘मारामाऱ्या करते. पालकांना बोलावणे.’ आणि सगळ्यांत खाली आपली गावठी. एकतीस गुण, नापास. ‘वरचेवर खुडूक होते. महिना महिना अंड्यांवर बसून राहते. वेळेचा अपव्यय.’ म्हणजे कोंबडी पिल्लं काढायला बसली तर ती ह्यांच्या हिशोबी मागच्या बाकावरची. आम्हालाही असंच नापास करायचे. तक्ता बघताना मला आमचा अख्खा वर्ग आठवला.

एक काळाचौकीचा गृहस्थ यायचा, मंडळाचा कार्यकर्ता, गळ्यात जाड चेन. त्याला कडकनाथच हवा होता. काळी कोंबडी, काळं मटण, लोकांनी बघत राहिलं पाहिजे. सरांनी त्याला चार रविवार परत पाठवला. पाचव्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुम्हाला कोंबडी नकोय. तुम्हाला बोलायला विषय हवाय.’ तो भडकला, बाहेरून कडकनाथची जोडी घेऊन आला. आठवड्यात कोंबडा तिसऱ्या मजल्यावरच्या एसीच्या जाळीवर जाऊन बसला आणि पहाटे तिथून बांग द्यायला लागला. माणूस जोडी विकून मोकळा झाला. सरांचं बरोबर निघालं, हे मला मान्य आहे. पण बरोबर निघालेल्या माणसाने जरा तरी गप्प बसावं की नाही? सर पुढचे दोन महिने ती गोष्ट उदाहरण म्हणून सांगत होते.

आता मी का गेलो ते सांगतो. आईसाठी गेलो.

वडील गेल्यावर आईला मी गावाहून डिलाईल रोडला आणली. मालवणकडचं आमचं गाव. मी शाळेला वडिलांजवळ मुंबईत होतो, आई गावीच राहिली. तिथे ती एकटी, गुडघे गेलेले. एकदा विहिरीच्या पायरीवर पडली तर दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, हिला एकटी ठेवू नका. आमची खोली तळमजल्याला, मागे भिंतीपर्यंत सहा बाय दहाची मोकळी जागा आहे. चाळीत सगळे त्याला हसून बंगल्याचं परसू म्हणतात. म्हटलं, इथे बसेल, चार माणसं दिसतील. कसलं काय. आम्ही दोघं नवराबायको सकाळी कामाला जायचो, मुलगा शाळेत, ती मागच्या दाराशी पाट टाकून भिंतीकडे बघत बसायची. टीव्ही नको, शेजारणी नकोत. ‘माका हय गमणा नाय,’ इथे करमत नाही, एवढंच. गावच्या कोंबड्या ती शेजारणीच्या हवाली करून आली होती. रोज संध्याकाळी त्या शेजारणीला फोन. माणसांची चौकशी नाही, कोंबड्यांची. तांबडी बसली का, कितींवर बसवली, उठली कधी. मला त्यातलं एकच कळलं, की हिला कोंबड्या हव्यात.

मार्चमध्ये एक दिवस जेवताना तिने शांतपणे सांगून टाकलं, ‘गणपतीक जातलंय. मगे परत येवचंय नाय.’

ती एकदा बोलली की बोलली. म्हणजे गणपतीच्या आत मागच्या परसात कोंबड्या आल्या पाहिजेत आणि आईचा जीव इथे रमला पाहिजे. नाही रमला तर ती त्या घरात एकटी, ती विहीर, ती पायरी. मी चार ठिकाणी विचारलं, चारही जण म्हणाले, सरांकडे जा.

गेलो, फॉर्म भरला. बाकड्यावर गुडघ्यावर ठेवून दहा मिनिटांत भरला. असले फालतू प्रश्न, मला काय उद्योग नव्हते? सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘घाई अजून गेली नाही.’ मग जे सुरू झालं ते संपेना. एका रविवारी उन्हाचा नकाशा काढून आण. दुसऱ्या रविवारी मांजरं किती ते मोजून आण. तिसऱ्या रविवारी वर्गाला सुट्टी, कारण सरांना सर्दी. एप्रिल गेला, मे गेला. मी म्हटलं, सर, नुसतं नाव सांगा ना जातीचं. त्यांनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं.

जूनमध्ये ते जागा बघायला आले. हातात मेजरिंग टेप, खिशात थर्मामीटर, पायात पांढरे मोजे. प्रात्यक्षिकासाठी एक जिवंत पक्षी लागेल असा हुकूम होता, म्हणून मी नाक्यावरच्या चिकनवाल्याकडून एक गावठी कोंबडी तासाभरासाठी मागून आणली होती. पिवळट, मानेवरची पिसं थोडी गेलेली. सरांनी भिंत मोजली, मोरी मोजली, वहीत काहीतरी लिहिलं. मग मला म्हणाले, सोड तिला.

मी सोडली. ती सरळ सरांच्या पांढऱ्या मोज्यांकडे गेली. आणि आमचे कोंबडीतज्ज्ञ, शंभर कुटुंबांचे मार्गदर्शक, टुणकन उडी मारून धुण्याच्या दगडावर! टेप एका हातात, दुसऱ्या हाताने भिंत धरलेली. ‘अरे हिला आवर, हिला आवर.’ मी खरं सांगतो, नववीपासूनचं सगळं त्या एका क्षणात वसूल झालं. हसू लपवायला मी तोंड फिरवलं.

तेवढ्यात आई पाटावरून उठली. गुडघ्यांवर हात ठेवून उठायची नेहमी, त्या दिवशी हात न टेकता उठली. तोंडाने काहीतरी बारीक आवाज काढला, कोंबडी थबकली, आईने तिला एका हाताने उचलून काखेत घेतली. शेपटीखाली दोन बोटं लावून बघितली. पोटाची पिसं फुंकून बाजूला केली. कोंबडी आतल्या आत खुडखुड करत होती. आईचा चेहरा असा उजळलेला मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता.

‘ही बसतली,’ ती म्हणाली.

सर दगडावरून खाली वाकून म्हणाले, ‘काय म्हणाल्या त्या?’

आणि मी काय सांगितलं? सांगितलं, ‘काही नाही सर, गावाकडची सवय आहे तिला.’ मला लाज वाटली, हे खरं कारण. सरांसमोर आईने कोंबडीच्या ढुंगणाला हात लावला आणि तो पदराला पुसला, त्याची लाज. मी आईच्या काखेतून कोंबडी घेतली आणि तास व्हायच्या आत चिकनवाल्याला परत देऊन आलो. परत आलो तेव्हा सर निघून गेले होते. आई पाटावर होती. तिने विचारलं, ‘न्हेलंस?’ मी म्हटलं, अगं ती नापास जातीची, तुला चांगल्या आणतो.

पुढच्या रविवारी सरांनी एक पाकीट दिलं. आत माझा फॉर्म, त्यांची प्रगतिपुस्तकं, सगळं पिन मारून. म्हणाले, ‘शेवटचं पान वाच. मग ये.’ मी हो म्हटलं. चाळीच्या जिन्यातच पाकीट उघडलं, पहिलं पान बघितलं, पांढरी लेगहॉर्न, सत्त्याऐंशी. बस झालं. चार महिने घालवून शेवटी तक्त्यात पहिल्या दिवशी होतं तेच! शेवटचं पान म्हणजे आणखी प्रश्न असणार, आणखी मांजरं मोजायला लावणार. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. आठवड्यात ओळखीने एका पोल्ट्रीतून चार पांढऱ्याशुभ्र तलंगा आणल्या, अंड्यावर येऊ घातलेल्या. जाळीचं खुराडं केलं. अंडी घालायच्या खोक्यात तळाला अंथरायला सरांचे कागद कामी आले. ते करताना मला फार बरं वाटलं.

कोंबड्या सरांच्या म्हणण्याप्रमाणेच निघाल्या. महिनाभरात अंडी सुरू. रोज तीन, कधी चार. आई ती वाटीत घालून ओट्यावर ठेवायची आणि परत पाटावर. मी घरी आलो की वाटी दाखवून विचारायचो, बघ, कशा आहेत? ती मान हलवायची. एकदा नुसतं म्हणाली, ‘ह्यो कामार येतत नि जातत.’ मला वाटलं, वेळेवर कामाला येतात म्हणून कौतुकच करतेय. एक दिवस बघतो तर तिने बांबूच्या डालग्यात गवत घालून वर तीन अंडी मांडली होती आणि एका पांढरीला धरून त्यावर बसवत होती. पांढरी किंचाळून उडाली, अंडी फुटली, अख्ख्या परसात पिसं. मी पोट धरून हसलो. आईला म्हटलं, अगं ह्या शिकलेल्या आहेत, ह्या बसत नाहीत. तिने फुटलेली अंडी फडक्याने पुसून घेतली. त्यानंतर तिने कधी त्यांना हात लावला नाही, दाणे टाकायची ते उभ्यानेच.

गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो. निघताना तिने कपड्यांच्या पिशवीबरोबर ते डालगंही घेतलं. गौरी गेल्यावर आम्ही निघालो. ती दारात उभी राहिली, नातवाच्या हातात खोबऱ्याची वडी दिली आणि आत गेली. मी दहा वेळा समजावलं, पायरीची आठवण करून दिली, रडलोसुद्धा. म्हणाली, शेजारीण येऊन झोपते रात्रीची, तू काळजी करू नको.

मुंबईला आलो तो रविवारी तडक गिरगावला. सगळा राग कोणावर काढायचा हे माझं पक्कं होतं. वर्ग भरलेला, हजेरी चाललेली. मी चपला न काढताच आत गेलो आणि सगळ्यांसमोर म्हटलं की सर, तुमची पहिली आलेली मुलगी नापास झाली. आई गावी निघून गेली. सत्त्याऐंशी गुणांच्या चार चार कोंबड्या असून गेली. ज्याने कधी कोंबडी हातात धरली नाही त्याचं ऐकून माझी आई गेली. आणखीही बोललो. धुण्याच्या दगडाचंही सांगितलं. लोक हसले. सरांचे कान लाल झाले.

मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘शेवटचं पान वाचलंस?’

मी पायातल्या चपलांकडे बघितलं.

‘घरी जा. वाच.’ आणि पुढच्याचं नाव पुकारलं.

घरी येऊन खोक्यातलं गवत उपसलं. वरचे कागद घाणीने चिकटून एक झाले होते. सर्वांत खालचं पान मात्र कोरडं होतं. माझ्याच फॉर्मचं शेवटचं पान, माझंच घाईघाईचं अक्षर. प्रश्न, कोंबडी कोणासाठी? उत्तर, आईसाठी. प्रश्न, त्यांना कोंबडी कशासाठी हवी? अंडी, मांस की पिल्लं? त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा. तिथे मी लिहिलं होतं, ‘लागू नाही.’

त्याभोवती लाल शाईचं वर्तुळ होतं. खाली सरांचं ते छापल्यासारखं अक्षर. ‘त्या दिवशी त्या काहीतरी म्हणाल्या. तू मला सांगितलं नाहीस. त्यांना कळतं, मला कळत नाही. विचारून ये.’

मी तिथेच परसात बसलो. चार पांढऱ्या आपापलं काम करत होत्या. बऱ्याच वेळाने आईला फोन लावला. तिने उचलला आणि पहिल्यांदा म्हणाली, हळू बोल. शेजारणीने तिची तांबडी परत दिली होती, ती त्याच डालग्यात अकरा अंड्यांवर बसली होती, आणि डालगं आईच्या खाटेशी होतं. मी हळू आवाजात विचारलं, आई, तुका काय होया होता?

ती म्हणाली, ‘आता इचारतंस?’ आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. ‘एक बसणारी कोंबी पुरे होती, झिला. बसवूक अंडी मी गावसून आणलंय असतंय.’ मग तांबडीला पाणी ठेवायचंय म्हणून तिने फोन ठेवला.

मी ‘लागू नाही’ खोडलं आणि तिथे तिचं वाक्य तिच्या शब्दांत लिहिलं. पुढच्या रविवारी चपला बाहेर काढल्या, रांगेत बसलो, हजेरी दिली आणि नंबर आल्यावर कागद सरांपुढे ठेवला. सरांनी तो दोनदा वाचला. सवयीने खिशातलं लाल पेन काढलं, टोपण उघडलं.

‘येणार आहेत का परत?’

‘नाही, सर.’

त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची नीट घडी घातली आणि काही न लिहिता माझ्या हातात दिली.